पांढरी तुळस

प्रकाशा, ३ जानेवारी १९५८
आलो बुवा एकदाचा! दवाखान्यात नवा कंपाउंडर म्हणून हजर झालो. मागे तापी, पुढे केळीचे मळे आणि कपाटात चक्क सूक्ष्मदर्शक! खोली जमनाबाईंच्या घरी मिळाली. मुलगा सुरतेच्या गिरणीत असतो. सून शांतीबाई क्षयाने अंथरुणाला खिळलेली. तिला रोज स्ट्रेप्टोमायसिनची सुई मीच टोचायची. आजारी असून हसरी आहे, मला भाऊ म्हणते. जमनाबाई मात्र डाक्टर म्हणतात. मीही चूक दुरुस्त करत नाही, हं!

१९ जानेवारी
डबक्यातल्या हिरव्या पाण्याचा थेंब काचेखाली पाहिला. एका पेशीचे जीव, पोटात हिरवे कण, उन्हावर जगणारे. स्ट्रेप्टोमायसिनने त्यांचा हिरवेपणा जातो, असं एका मासिकात वाचलं होतं. खरं की काय? ते पाणी बरणीत भरलं, शांतीबाईच्या औषधाची कुपी त्यात ओतली आणि तिला नुसतं पाणी टोचलं. एका सुईने काय बिघडतंय!

७ फेब्रुवारी
आणखी कुप्या लागल्या. पण काय कमाल! पुढची पिढी पांढरी निघाली. औषध नसलेल्या पाण्यात सोडली तरी हिरवी होत नाही. फक्त आता त्यांना ऊन पुरत नाही, खायला घालावं लागतं.
शांतीबाईला खोकताना रक्त पडलं. सुई लागू पडत नाही का, असं जमनाबाईंनी विचारलं. धीर धरा म्हणालो. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

१६ फेब्रुवारी
बरणी रिकामी! उरलेलं औषध समजून, पायदळी जाऊ नये म्हणून जमनाबाईंनी ते पाणी तुळशीला घातलं.

२ मार्च
तुळशीला नवी पानं फुटली, दुधासारखी पांढरी. जमनाबाई हरखल्या. तीच पानं तीर्थात घालून सुनेला देतात. सांगायला तोंड उघडलं. पण मग कुप्यांचंही सांगावं लागेल — दवाखान्यात निघून गेलो. नालायक आहे मी.

९ मार्च
शांतीबाईचा खोकला थांबला. ओठ पांढरे, जीभ पांढरी. सारखं खायला मागते. आज खरी सुई टोचली — रक्ताचा थेंब आला, तोही पांढरा. आई गं.

१२ मार्च
गोठ्यात वासरू नाही. जमनाबाईही सकाळपासून —

भर दुपार. शांतीबाई माझ्या दाराबाहेर, उन्हात. एकच विचारते, "भाऊ, मन्ही सुई कोठे शे?"
ओरडून सगळं कबूल केलं. वहिनी, तुझं औषध मी बरणीत —
राग नाही म्हणाली. फक्त भूक लागलीय.
कडी हल —