घरतसाहेबांचं मानपत्र

१४ सप्टेंबर २०२५
आज सकाळी पूजा अर्धी टाकून उठलो. दारात दीपेश, सत्कार समितीचा चिटणीस. घरतसाहेब राज्यपाल झाले! आपल्या तालुक्याचा माणूस. घटस्थापनेनंतर पनवेलात सत्कार. "काका, मानपत्र तुमीच लिवा. तुमी त्यांच्या हाताखाली व्हता. मेजर ते राज्यपाल, सगला येऊ द्या!" हो म्हणालो. का म्हणालो?

१५ सप्टेंबर
जन्म, गावची शाळा, सैन्यातली निवड. मग मेजर असतानाची बर्फातली चौकी — आणि पेन थांबलं.

१६ सप्टेंबर
इथे तरी लिहितो. जानेवारी २००१. टेलिफोनची तार तुटली होती. बर्फात एकट्याने बाहेर जायचं नाही, हा नियम. साहेबांनी ती जोडायला धर्मराजला एकट्यालाच पाठवलं. विचुंब्याचा धर्मराज, माझ्याबरोबर भरती झालेला. पहाऱ्यावर मी होतो. बर्फाचा कडा सुटला, तो त्याखाली गेला. मी डोळ्यांनी पाहिलं. प्रेत सापडलं नाही. चौकशीच्या आदल्या दिवशी साहेब म्हणाले, "न सांगता गेला. एवढंच." मी तशा जबाबावर सही केली! कागदावर धर्मराज पळपुटा ठरला. साहेबांची बढती अडली नाही.

१७ सप्टेंबर
विचुंब्याला गेलो. धर्मराजची बायको, दमयंतीवहिनी, ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. कपाळावर ठसठशीत कुंकू. "भावजी, सायेब येतान ना? त्यांना इचारा, हे कुठं हायती." शेजारची गंगाबाई खिदळली — "पललेला मानूस पत्ता ठेवून जातो काय गो?" चहा न घेता निघालो.

१८ सप्टेंबर
खुद्द साहेबांचा फोन. "मानपत्र तू लिहितोयस म्हणे. जुन्या चौकीचं काही नको." मग थांबून — "मुलगी तुझी, पूर्वी नाव ना तिचं? सैन्याच्या नर्सिंगमध्येच आहे ना? छान."
छान!

१९ सप्टेंबर
जपाला बसलो. मणी सरकतात, नाम येत नाही. पूर्वीला फोनवर सगळं सांगितलं. म्हणाली, "बाबा, माझं कारण पुढे करू नका."

२० सप्टेंबर
मानपत्र लिहिणार नाही, असं दीपेशला कळवलं. "काका, ऐन टायमाला?" खरी हकीगत लिहिली, खाली नाव, नंबर, सही. एक प्रत रजिस्टर पोस्टाने सैन्याच्या कार्यालयाला.

२१ सप्टेंबर, सर्वपित्री अमावास्या
दुसरी प्रत वहिनींना वाचून दाखवली. माझ्या सहीपर्यंत, सगळी. त्या रडल्या नाहीत. आत जाऊन पानावर भात वाढून आणला, परसात कावळ्यासाठी ठेवला. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "चोवीस वर्सं तुमी त्यांना उपाशी ठेवलं."