लिंबू नव्हतं म्हणून नापास

अहमदपूर, सोमवार

धाकटे साडूभाऊ मन्मथराव यांना बसवंतचा शरणु शरणार्थी.

नांदेडात तुम्ही, मंजुश्री अन् लेकरं खुशाल असालच. राष्ट्रीय मानांकन मिळालेल्या ट्रान्सपोर्टवाल्याला काय धाड भरलीय? (फोनवर माझा आवाज चढतो, म्हणून पत्र.) तुमच्या सर्टिफिकेटाचा फोटो शांतम्मानं मोबाईलच्या पडद्यावर लावलाय. तिथं आधी आमच्या लग्नाचा होता. मी जळत न्हाई, नुसतं सांगून राहिलो.

खरं दुखणं वेगळंय. लातूरची तेलगिरणी म्हणते, ह्या हंगामापासून मानांकन असलेल्याच्याच गाडीत सोयाबीनची पेंड भरू. अठरा वर्षं ती पेंड मी वाहिली. आता तुम्ही वाहता, अन् माझ्या तिन्ही गाड्या मोंढ्यात उभ्या. वरून तुमचे ड्रायव्हर अहमदपुरातून जाताना हॉर्न वाजवतात. (एकदा ठीक. दोनदा कशाला?)

म्हणून मीबी अर्ज केला. जे करता ते लिहा अन् जे लिहिता ते करा, बाकी त्यात काही नसतं, हा सल्ला तुमचाच. मी खरं खरं लिहिलं. कलम पहिलं: लांबच्या खेपेआधी पुढच्या दोन्ही चाकांखाली लिंबू ठेवून गाडी त्यावरून काढणे. कलम दुसरं: आमचा ड्रायव्हर गुरुपादप्पा प्रत्येक टायरला लाथ मारून आवाजावरून हवा ओळखेल. अशी एकवीस कलमं टाईप करून पाठवली.

तपासणीच्या दिवशी मात्र माझी अक्कल चरायला गेली. वाटलं, पुण्याहून मॅडम येणार, लिंबं बघून हसतील. सकाळीच गुरुपादप्पाकडून गोदामातली सगळी लिंबं उचलून रसवंतीवाल्याला देऊन टाकली. मॅडम आल्या, चहा नको म्हणाल्या (तिथंच मी ओळखायला पाहिजे होतं), फाईल उघडली अन् म्हणाल्या, कलम एकपासून गाडी काढून दाखवा. लिंबू कुठंय? मी छाती काढून म्हटलं, आम्ही तसलं काही मानत न्हाई. मग हे लिहिलं कुणी? असं म्हणून मॅडमनी कलम दुसऱ्यावर बोट ठेवलं. गुरुपादप्पानं टायरला लाथ हाणली, म्हणाला, सहा पौंड कमी. मॅडमनी मशीन लावलं, सहाच कमी. त्यात तो पास. मला शेरा मिळाला: स्वतः लिहिलेली कार्यपद्धती पाळत नाहीत.

लिंबू ठेवलं म्हणून नव्हे, ठेवलं न्हाई म्हणून नापास झालो हो! शांतम्मा हसून हसून लोळली. ती मंजुश्रीला कळवायच्या आत मीच कळवतो.

तुमचं मनापासून अभिनंदन. (अर्ध्या.) सर्टिफिकेटाची फ्रेम नीट ठोकून घ्या, आजकाल खिळे लई हलके येतात.

तुमचा मोठा साडू,
बसवंत

ता. क. फेरतपासणी सहा महिन्यांनी आहे. तोवर माझ्या तिन्ही गाड्या तुमच्या नावाखाली चालवता का? उभ्या गाड्या बघवत न्हाईत. शांतम्माला मात्र सांगा, तुम्हीच गळ घातली.

दुसरा ता. क. पत्र घेऊन गुरुपादप्पाच येतोय. त्याला जेवू घाला, पण तुमच्या ड्रायव्हरांचा तो निळा युनिफॉर्म दाखवून फितवू नका, असं लिहीत होतो, तर तो इथंच उभाय अन् म्हणतो, तुम्ही मागच्याच महिन्यात देऊ केला होता, त्यानं घेतला न्हाई. माझ्या मालकाचं नाव शिवून आणा, मग घालतो, म्हणाला म्हणे. आता गाड्यांवर तुमचं नाव लागलं तर त्याला तुमचाच घालावा लागेल, एकट्याला लाज वाटेल. दोन पाठवा. माझा पोटावर सैल असू द्या.