शुक्रवारचा चहा

५ मार्च, राखेचा बुधवार
चर्चमधून कपाळाला राख लावून आले. संध्याकाळपर्यंत तशीच. पूस म्हणणारं घरात कोण आहे!
उपवासकाळातला यंदाचा नेम, गुड फ्रायडेपर्यंत — दर शुक्रवारी चर्चमधली संध्याकाळची क्रुसाच्या वाटेची प्रार्थना होईपर्यंत पाण्याचा थेंबही नाही. मुलासाठी, विश्वजीतसाठी. दोन वर्षं झाली, पुण्याहून फोन नाही. "तू तुझा देवच सांभाळ" म्हणून गेला तो गेलाच. कुणाला सांगायचं नाही. आजच्या बायबलवाचनातही तेच होतं, उपवास गुप्त ठेवा.

७ मार्च, शुक्रवार
चर्चच्या सेवामंडळानं मला आणि गल्लीतल्या दीपमालाला यंदा दर शुक्रवारी धान्य पोचवायला भागूबाई नेमून दिली. गारखेड्यामागच्या वस्तीत पत्र्याची एक खोली. कुष्ठरोग बरा होऊन वीस वर्षं झाली, पण बोटं वाकलेलीच राहिली. गंगापूरच्या घरच्यांनी परत घेतलं नाही. तांदूळ, तूरडाळ, साखर, साबण दिलं. तिनं चहा टाकला. दीपमाला प्यायली. मी नको म्हणाले.
"का वं बाई?"
"असंच."

१४ मार्च
धुळवड, म्हणून वस्तीत गेलो नाही. गल्ली सगळी लाल-हिरवी. माझ्या दाराला एक थेंब नाही.

२१ मार्च, शुक्रवार
भागूबाईनं कप पदरानं तीनदा पुसला, मग पुढं केला. आजही नको म्हणाले. ती हसली, "आमचा चहा लई गोड असतो, म्हून व्हय?" मीही हसले. ऊन असं की जीभ टाळ्याला चिकटली होती.
घरी दोन पोळ्या केल्या, एक उरली.

२८ मार्च, शुक्रवार
संताप संताप झाला! भागूबाईच्या शेजारच्या शालूच्या घरात फळीवर आपली तूरडाळ! पुडीची गाठ मी मारलेली, दोरा माझा. म्हणजे भागूबाई विकते तर! मंडळाच्या वहीत छटाकछटाक लिहायची कशासाठी मग? दीपमाला म्हणाली, "जाऊ द्या काकू." चहाकडं मी पाहिलंसुद्धा नाही.

४ एप्रिल, शुक्रवार
भागूबाईनं दार उघडलं नाही. आतूनच, "तुमचं धान्य परत न्या. पुन्हा येऊ नका."
माझा आवाज चढला, डाळीचं बोलले. शालू धावत बाहेर आली.
"अहो, विकती कशाची! डाळ मला देती अन् माझ्या शेळीचं दूध घेती. दर शुक्रवारी. तुमच्या चहाला! ती स्वतः कोरा पिती. अन् तुम्ही तोंड लावत नाय. म्हनली, माझ्या हाताची किळस येती त्या बाईला."
मी पिशवी धरून उभी.

५ एप्रिल
दीपमाला म्हणते, "उपवास होता म्हणून सांगून टाका ना, काकू!" तिला मी कधी बोलले नव्हते, तिनंच ओळखलं. पण आता सांगितलं तर सबब वाटेल. मलाच वाटते.

११ एप्रिल, शुक्रवार
गेलो. कडी आतून. पिशवी शालूकडं ठेवून आलो. क्रुसाच्या वाटेवर विश्वजीतसाठी गुडघे टेकले आणि मनात आला तो पदरानं पुसलेला कप.
त्याचं दार बंद, तिचंही बंद.

१६ एप्रिल
नळाला आठ दिवसांनी पाणी. हंडे भरले. दिवसभरात तेवढाच काय तो आवाज घरात.
दोन दिवसांनी गुड फ्रायडे. नेम पुरा होईल. एवढं सोसल्यावर देव ऐकेल ना?

१८ एप्रिल, गुड फ्रायडे
दुपारी एकटीच गेले. पिशवी नाही, दीपमाला नाही. कडी वाजवून म्हटलं, "भागूबाई, चहा मिळंल का?"
बऱ्याच वेळानं दार उघडलं. "दूध नाय आज. कोरा हाय."
"चालेल."
वाकड्या बोटांनी कप दिला. बघत राहिली. "शालू म्हनली, आज तुमच्यात कडक उपास असतो."
"असतो."
"मंग?"
"मला तहान लागलीय," म्हणाले. आणि दुसरा कपही मागून घेतला.