जावयासाठी आणलेला मागूर

९ मे

दुधाळ! परवा टाकी भरली तेव्हा पाणी आरशासारखं होतं, आज बघतो तर पातळ ताक. मासे अजून नाहीतच. फटिकच्या माशांच्या दुकानातून ही काचेची टाकी घेतली, तो म्हणाला, "आधी नुसतं पाणी मुरू द्या, दादा."

हे सगळं नातीसाठी—म्हणजे खरं तर तिच्या बापासाठी. जामाईषष्ठी म्हणजे जावयाला ओवाळून जेवू घालायचा सण, गेल्या दोन षष्ठींना सौगत आला नाही. सासू उपास धरून पंखा घेऊन बसते आणि जावयाचा पत्ता नाही! या वेळी लेक बुलूच म्हणाली, "बाबा, घरात मासे आणा. तितीर हट्ट धरेल, मग यावंच लागेल."

श्रीरामपूरच्या फुटपाथवर बनियनं विकून दुकान उभं केलंय मी. गिऱ्हाईक कसं ओढायचं ते मला शिकवायला नको. माल दिसला पाहिजे. इथे मालच दिसत नाही!

११ मे

सगळं पाणी उपसलं. गाळणीचा स्पंज नळाखाली पांढरा होईपर्यंत चोळला. संध्याकाळी टाकी लख्ख. बायको, मिनती, म्हणाली, "उगाच त्या फटिकचं ऐकत होतात."

१३ मे

पुन्हा ताक. फटिक हसला, मेला.

"स्पंज धुतलात? नळाच्या पाण्यानं? अहो, त्यातच तर पाणी निवळवणारे जीव घर मांडत होते. तुम्ही भांड्याकुंड्यांसकट बाहेर काढलंत त्यांना. आता हात मागे बांधून बसा."

हात मागे बांधून! जन्मात बसलो नाही तसा.

१४ मे

बसलोय.

२० मे

तितीरचा फोन. "दादू, मासे आले?"

"पाणी तयार नाही गं."

"मासे एकदा तुझ्याकडे आले की परत दुकानात नाही ना जावं लागत?"

नाही म्हटलं. पोरीच्या मागून विहीणबाईंचा आवाज—"बनियनवाल्याच्या घरी आता काचेचा तलाव!" माझे कान फुटपाथवर घडलेत, भर बाजारात कोण कुठे पुटपुटलं ते कळतं. मग बुलूचं बोलणं ऐकू येईल म्हणून थांबलो. ती थेट फोनवरच आली. षष्ठीला येताय ना, विचारलं तर म्हणाली, "बघू."

"बघू" म्हणून गेलेलं गिऱ्हाईक परत फिरत नाही.

२७ मे

निवळलं! टाकीच्या पलीकडची कॅलेंडरवरची काली दिसते, जिभेसकट. फटिक म्हणाला, षष्ठीच्या सकाळी लाल मासे घेऊन येतो. मिनतीनं जावयासाठी धोतर आणलं. चांगलं, शांतिपूरचं. त्याची लायकी गमछ्याची.

३१ मे

काय करू या मिनतीचं! जावयाला माशाचा झोल, म्हणजे पातळ रस्सा, करायचा म्हणून बाजारातून जिवंत मागूर मासा आणला, हातभर. बादली गळकी. मग बाईंनी तो कुठे सोडला? माझ्या टाकीत!

"पाणीच तर आहे. एका रात्रीचा प्रश्न, उद्या कापायचाच आहे."

मागुरानं मिशा खुपसून सगळी वाळू वर काढली. कॅलेंडर गेलं, काली गेली. चिखल. मी ओरडलो, ती रडली. फटिकला कळवलं—लाल मासे आणू नकोस.

१ जून, षष्ठी

सकाळी पिवळा दोरा, ताडाचा पंखा, पाच फळं मांडून झाली. हिमसागर आंबे, इलिश मासा, दही. अकराला सौगतचा फोन. "ऑफिसमध्ये अडकलोय." रविवार! बुलूला दे म्हटलं. "ती कामात आहे." मागून तितीरच्या रडण्याचा आवाज, मग दार आपटल्याचा. फोन बंद. नंतर लावला तर उचलला नाही.

मिनतीनं तोंडात पाणी घेतलं नाही. पंखा तसाच पाटाजवळ. मागूर कापायला कोणी उठलं नाही. मी दही खाल्लं. आंबट होतं.

२ जून

दुपारी दारात रिक्षा. बुलू, तितीर, दोन सुटकेसा. बुलूच्या मनगटावर काळंनिळं.

"बाबा, आत्ता काही विचारू नका."

हात मागे बांधले.

तितीर धावत टाकीपाशी गेली, गढूळ काचेला नाक लावून बसली. "दादू, आत कोणीतरी आहे! याला परत नाही ना पाठवायचं?"