हिरड्यांचे मार्क

१ मार्च, रविवार
आधी आल्या विहीणबाई, चपला काढायच्या आधीच बोलायला सुरुवात. मागून माझी नात भिंगरी, भिंतीवर बोट घासत घासत. लेकीची रविवारी दुकानात ड्यूटी असते, म्हणून तिच्या सासूबाईच पोरीला माझ्याकडे आणतात. टेकायच्या आधी बातमी: दातांच्या डॉक्टरणीने त्यांना सगळीकडे दोन नि तीन दिले. वर खूशही होत्या! मला बाईची दयाच आली. कालच त्याच डॉक्टरणीने मला पाच-सहा दिले, खाली डावीकडे तर सात.

काळ्या रेघांची बारीक काडी असते तिच्याकडे. दात नि हिरडी यांच्यामधे घालते, जितकी आत जाईल तितका आकडा मोठ्याने सांगते, मदतनीस मुलगी कार्डावर लिहिते. खोल गेली म्हणजे मुळं पक्की. झाडाचं तसंच तर असतं. चौथीपर्यंतच शिकले, पण एवढं कळतं. डॉक्टरीण आणखीही बरंच काही बोलत होती, पण तोंडात कापूस असला की ऐकू कमी येतं. माझे मार्क विहीणबाईंना सांगितले नाहीत. उगाच कशाला कुणाचं मन दुखवा.

भिंगरी मांडीवर बसली नाही. एरवी नाकाला नाक लावून आठवडाभराचं गुपित सांगते. आज मागून येऊन कानात सांगितलं, तेही भरभर. सात वर्षांची झाली आता. पोरी मोठ्या झाल्या की लाजतात.

मदतनीस मुलीने बजावलंय, रक्त येतं का ते रोज लिहा. म्हणून ही वही. दाखवणार मात्र कुणालाही नाही.

२ मार्च, सकाळ
निश्चय. सकाळी नि रात्री ब्रश. शिवाय दातांच्या फटीत घालायचा तो चिमुकला ब्रश, बाटली धुवायच्या ब्रशाचं पिल्लूच जणू.

त्याच दिवशी, रात्र
घासले. डावीकडून रक्त.

३ मार्च
विचार केला. ब्रश केला तर रक्त, नाही केला तर नाही. मग दोष कुणाचा? ब्रशाचा. डावी बाजू आरामाला ठेवली.

७ मार्च
रक्त: नाही, नाही, नाही, नाही. चार दिवसांचं एकदम लिहिलं. रोज रोज तेच काय.

८ मार्च, रविवार
भिंगरी खिडकीत जाऊन उभी. म्हणाली, आजी, गरम होतं. अगं मग सांगायचं नाही का! टेबलफॅन आणला, माझ्या पाठीमागे ठेवला, म्हणजे मला ओलांडून वारा थेट पोरीकडे. राक्षसाची गोष्ट सुरू केली, चांगली तोंड भरून. राक्षस गुहेबाहेर यायच्या आत पोर विहीणबाईंच्या पदराआड. घाबरली असणार. गोष्ट सांगावी तर मीच.

२२ मार्च, रविवार
विहीणबाईंनी पेपरमिंटच्या गोळ्यांची मोठी पुडी आणली. खास तुमच्यासाठी, म्हणाल्या. प्रेमळ बाई. जाताना विचारलं, डॉक्टरकडे परत कधी? मी म्हटलं, माझं उत्तम चाललंय, तुम्हीच जरा मनावर घ्या. नुसत्या बघत राहिल्या. झोंबलं असेल.

गोळ्या दिवसाला आठ. खाल्ल्यावर घासायचं जिवावर येतं, चव जाते.

१८ एप्रिल, शनिवार
लेक घेऊन गेली डॉक्टरणीकडे. काडी आत, डावीकडे आठ! मी तशीच आ वासून थँक्यू म्हटलं.

डॉक्टरणीने काडी खाली ठेवली. लेकीकडे बघितलं, मग माझ्याकडे. म्हणाली, आजी, हा खिसा आहे. हिरडी दाताला सोडून चाललीय, त्या खिशात घाण साचते, खालचं हाड झिजतं. दोन-तीन म्हणजे चांगलं. आठ म्हणजे दात जायच्या वाटेवर.

मी म्हटलं, मग आधी नाही का सांगायचं? ती म्हणाली, सांगितलं होतं. लेक म्हणाली, सांगितलं होतं, आई.

डॉक्टरणीने वही मागितली. घरी राहिली म्हटलं. पिशवीतच होती, मांडीवर.

इंजेक्शन देऊन दोनदा खोल सफाई करायची ठरली. त्यानंतरही घासायचं माझं मलाच. विहीणबाईंना मार्क सांगितले नव्हते ते किती बरं झालं.

१९ एप्रिल, रविवार
आज भिंगरी दारातूनच आत येईना. मी म्हटलं, माझं गुपित दे की गं, आणि ओढून जवळ घेतलं. तिने मान अशी मागे टाकली की मला तिची फक्त हनुवटी दिसली. म्हणाली, आजी, तुझ्या तोंडाला वास येतो. मग रडायलाच लागली, आईने सांगायचं नाही म्हणून बजावलं होतं म्हणे.

विहीणबाईंनी तिला दटावलं. मी म्हटलं, अहो रागावू नका लेकराला, मोरी तुंबलीय आमची, तिचाच वास. चहा तसाच राहिला. लवकर गेल्या.

२१ एप्रिल
नळवाला बोलावला. मोरी उघडली, हात घालून बघितलं. स्वच्छ आहे, मावशी, म्हणाला. मी जवळ जाऊन समजावलं, नीट बघ बाबा, आमची नात म्हणते वास येतो. तो उठून दोन पावलं मागे झाला. परत म्हणाला, मोरी स्वच्छ आहे. खिडकीकडे बघून म्हणाला.

पेपरमिंटची पुडी रिकामी. नवी आणली नाही.

२ मे, शनिवार
दुसरी सफाई झाली. तोंड बधिर, ओठ कुठे आहे कळत नव्हतं. निश्चय: सगळीकडे घासायचं, डावीकडेही. रक्त येवो नाहीतर न येवो.

९ मे
सात दिवस, चौदा वेळा! उजवीकडे रक्त खरंच थांबलं. डावीकडे झोंबतं, तिथून हलकाच हात फिरवते. फिरवते म्हणजे जवळून नेते.

१७ मे, रविवार
आजही कुणी आलं नाही. हा चौथा रविवार. विहीणबाईंचा गुडघा धरलाय. फोनवर मात्र भिंगरी वीस मिनिटं बोलली, गुपितंसुद्धा दोन सांगितली. फोन फार चांगली वस्तू. 

२८ मे
आता बरं वाटतंय. बऱ्या माणसाने रोज रात्री दात कोरत बसायचं म्हणजे जास्तच झालं. चिमुकला ब्रश एक दिवसाआड.

५ जून
दोन दिवसांआड.

१३ जून, शनिवार
मोजलं. उजवीकडे तीन, चार, तीन. डॉक्टरणीने शाबासकी दिली. डावीकडे आठ ते आठच, आणि दात काडी लागताच हलला. काढला. दुखला नाही, त्याचंच वाईट वाटलं. माझा दात, आणि जाताना जराही धरून राहिला नाही.

विचारलं, आता पुरी बरी कधी होणार? ती म्हणाली, आजी, हा आजार पुरा बरा होत नाही. सांभाळायचा. दर तीन महिन्यांनी इथे यायचं, मधले दिवस तुमचे. मी विचारलं, कुठवर? म्हणाली, दात आहेत तोवर.

म्हणजे सुटका दोनच प्रकारे, दात गेले तर नाहीतर मी गेले तर. दोन्ही नकोत.

२१ जून, रविवार
आल्या! भिंगरीने आधी लांबूनच माझ्या दातांतली खिंड बघितली. विचारलं, परत येणार का दात? मी म्हटलं, नाही गं, माझं वय गेलं. मग पलंगावर येऊन बसली, माझ्याच पलंगावर, मधे एक उशी ठेवून. मी उशी हलवली नाही. फॅन तिच्या बाजूला ठेवला. गुपित आहे का, विचारलं. म्हणाली, आहे. पुढच्या वेळी सांगते.

निघताना विहीणबाई जिन्यापाशी थांबल्या. पोरीला पुढे पाठवलं. हळूच म्हणाल्या, मलाही सात होते, विहीणबाई. दोन-तीनवर यायला चार वर्षं लागली. तुम्हाला सांगायलाच तर आले होते त्या दिवशी.

 मी आत जाऊन वही आणून दाखवली. त्यांनी उघडलं ते नेमकं ‘नाही, नाही, नाही, नाही’चं पान. हसल्या नाहीत. म्हणाल्या, माझ्याही वहीत अशी पानं आहेत.

काल रात्री घासले नव्हते, कंटाळा केला. परवाही. आज घासले, डावीकडेसुद्धा, आरशात बघून. रक्त: आलं.

पुढच्या रविवारी पोरीच्या शाळेचं काहीतरी आहे, त्याच्या पुढच्या रविवारी नक्की येतो म्हणाल्या. ५ जुलै. मधे तेरा रात्री.