नावाचा ताण

बाबा, आज सिंचनाच्या ऑफिसात जाऊन आले. धरमपेठेत घरी पोचले तरी डोकं तापलेलंच आहे, म्हणून तुम्हालाच लिहायला बसले. नहराचं पाणी अजूनही आपल्या शिवेबाहेरच थांबतं. खासदार असताना तुम्ही ते पार पलीकडच्या तालुक्यात नेलंत आणि आपल्या गावाचा फाटा तेवढा शेवटी ठेवलात. का, तर शेतातून उठून दिल्लीला गेला आणि आधी स्वतःचं वावर भिजवलं, असं कोणी म्हणू नये! वा रे न्याय!

तो दिवस मला आठवतो. पाणी मागायला आलेली गावची माणसं चहा न घेताच उठून गेली होती. तुम्ही चुलीपाशी बसून संत्रं सोलताय, आई भाकरी थापतेय. ती म्हणाली, "अजी, आपल्याच गावाले पानी काहून नाही?" तुम्ही हसलात. "संत्र्याले ताण देल्याशिवाय बहार येते का वं? आपल्या मानसाईनं थोडा दम धरावा." बागेचं पाणी तोडायचं, झाड कोमेजू द्यायचं आणि मग पाणी सोडलं की ते फुलतं, हे आम्हाला काय नवीन होतं? आईनं मानही वळवली नाही. "ताण देनाऱ्यानं पानी सोडाची येळबी ध्यानात ठेवा लागते. नाही तं झाडच वाळते." बाहेर जीपचा हॉर्न वाजला, तुम्ही हात धुऊन निघून गेलात. फाटा व्हायच्या आधीच पुढच्या निवडणुकीत पडलात. आपल्या गावानंही मतं दिली नाहीत, आणि तुम्ही वर म्हणालात, "बराबरच हाय त्याईचं." बरोबर होतं तर पाणी का नाही दिलंत, बाबा?

परवा गावची माणसं माझ्याकडे आली. "ताई, बागा वाळून राहिल्या. भाऊसाहेबाचं नाव सांगून पाहा ना." कुठल्याही ऑफिसात तुमचं नाव सांगायचं नाही, हा तुमचा नियम. माझ्या कॉलेजच्या प्रवेशालाही तुम्ही तो मोडू दिला नव्हता. आज मी मोडला. साहेब तरुण होता, त्यानं उठून खुर्ची दिली. मी गावाचं नाव सांगितलं, तुमचं सांगितलं, खासदारांची मुलगी म्हणाले. तो नम्रपणे म्हणाला, "कोणते खासदार, मॅडम?"

अर्ज ठेवून घेतला त्यानं. बघतो म्हणाला. पाण्यासाठी गेले होते मी, भांडणार होते. पण जिन्यात उभी राहून रडले, ते पाण्यासाठी नाही. त्या "कोणते"साठी.