बाबांच्या आवाजाचं लेबल

३ मार्च, सोमवार

डॉक्टर म्हणाले, राग आला की बोलू नका, लिहून काढा. रक्तदाब उतरतो म्हणे. म्हणून ही वही. कुणीही वाचायची नाही. बायकोने तर नाहीच.

आजचा राग: ताई. तेवीस तारखेला बाबांची सत्तरी. बाबा राहतात माझ्याकडे. त्यांची पथ्यं माझ्याकडे, त्यांची चिडचिड माझ्याकडे, आणि त्यांच्या आवाजाची डिस्क मात्र ताईच्या कपाटात. हा कुठला न्याय?

बाबा तीस वर्षं बस स्थानकात माइकवर घोषणा करायचे. गाडी दोन तास उशिरा आहे हे बाबांनी सांगितलं तर लोक भांडत नसत, गप सामानावर बसत. दहा वर्षांपूर्वी निवृत्तीच्या दिवशी एका सहकाऱ्याने त्यांच्या शेवटच्या तासाभराच्या घोषणा रेकॉर्ड करून ठेवल्या. एकच डिस्क, सीडी. त्याचा कम्प्युटर पुढे भंगारात गेला. चार वर्षांपूर्वी बाबांच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज कायमचा गेला. आता ते पाटीवर लिहितात. म्हणजे बाबांचा आवाज जगात त्या एका डिस्कवर आहे, आणि ती ताईकडे, कारण त्या दिवशी समारंभाला भावोजी स्कूटर घेऊन वेळेवर पोचले आणि मी पोचलो नाही. पंक्चरला मी काय करणार?

निश्चय: बारा नातेवाइकांसाठी बारा कॉप्या मी करणार. नुसत्या नाही. प्रत्येकीवर छापील लेबल. घरी, थेट डिस्कवर.

५ मार्च, बुधवार

डिस्क आणली. ताई देता देता तीनदा म्हणाली, जपून. भावोजी म्हणाले, सगळ्यात आधी एक कॉपी काढून ठेव. मी म्हणालो, मला कळतं. ते म्हणाले, कळतं म्हणूनच भीती वाटते. ताई हसली. सख्खी बहीण.

घरी येऊन डिस्क नीट पाहिली. वरच्या चंदेरी बाजूवर भावोजींनी काळ्या मार्करने लिहून ठेवलंय: ‘सासरे – शेवटचे’. शेवटचे! अहो, माणूस जिवंत आहे! आतल्या खोलीत बसून माझ्या चहाला नावं लिहितोय! आणि अक्षर तरी काय, मुंग्या शाईत पडून फिरल्यासारखं. दहा वर्षं माझ्या वडिलांच्या आवाजावर हे अक्षर बसलंय. तळपायाची आग मस्तकात गेली. ही आग इथे लिहिली. रक्तदाब मोजला. वाढलाय.

८ मार्च, शनिवार

प्रिंटर घेतला. यात एक ट्रे येतो, त्यात डिस्क बसवायची, की थेट डिस्कवर छपाई. कागदी लेबल चिकटवणारे लोक अडाणी. ते सुटतं आणि प्लेअरमध्ये अडकतं.

दुकानदार आगाऊ आहे. म्हणाला, यावर फक्त पांढऱ्या पाठीच्या डिस्का चालतात, साध्या चंदेरीवर शाई वाळत नाही. मला काय कळत नाही? पांढऱ्या त्याच्याकडे पडून असणार, त्या खपवायच्या. तरी एक पंचवीसचा गठ्ठा घेतला, त्याचं तोंड बंद व्हावं म्हणून. तर विचारतो, काका, कॉपी करायला येते ना? काका! त्याच्या डोक्यावर माझ्याइतकेसुद्धा केस नाहीत.

९ मार्च, रविवार

बायकोचं म्हणणं: आधी आवाज भरा, मग छापा. माझं म्हणणं: आधी लेबल. छपाई अवघड, आवाज भरणं म्हणजे एक बटण. अवघड काम आधी करतो तो खरा कारागीर. ती म्हणाली, निदान ताईंची डिस्क कम्प्युटरवर तरी उतरवून ठेवा, पाच मिनिटांचं काम आहे. मी म्हणालो, पाच मिनिटांचं आहे म्हणूनच केव्हाही होईल. यावर ती काही बोलली नाही. तिला पटलं.

दुपारी पहिली छपाई. फोटो: बाबा माइकसमोर. डिस्कला मध्ये भोक असतं हे प्रिंटर कंपनीने ठळक सांगायला हवं होतं. बाबांचं नाक गेलं.

दुसरी: फोटो वर सरकवला. नाक आलं, कपाळ गेलं.

तिसरी: ट्रेमध्ये उलटी बसली. शाई चकचकीत बाजूवर. ही चूक ट्रेची.

बाबांना पहिली डिस्क दाखवली. पाटीवर लिहिलं: ‘हा कोण?’

११ मार्च, मंगळवार

आज एक गोष्ट झाली. बाबांनी ऑपरेशनपासून ती डिस्क कधी ऐकली नाही. ताईने दोनदा लावायचा प्रयत्न केला तेव्हा उठून गेले होते. आज जेवताना पाटी माझ्यापुढे सरकवली: ‘वाढदिवसाला लाव. ऐकेन.’

बायकोने डोळ्यांना पदर लावला. मी ताबडतोब ताईला फोन केला. म्हटलं, तुझ्याने जे चार वर्षांत झालं नाही ते मी एका लेबलने करून दाखवलं. तिने फोन ठेवला. जळफळाट, दुसरं काय.

१४ मार्च, शुक्रवार

ऑफिसात रजा टाकली. साहेबांनी कारण विचारलं. छपाई, म्हणालो. कुणाची, म्हणाले. असल्या माणसाच्या हाताखाली मी एकोणीस वर्षं काढली.

लेबलाचा मजकूर ठरला. वर बाबांचं नाव. डावीकडे: संकल्पना – मी. उजवीकडे: मांडणी – मी. खाली: छपाई व निर्मिती – मी. ताईचं नाव ‘सहकार्य’ म्हणून आतल्या कडेला. भावोजींचं ‘विशेष आभार’ मध्ये घातलं, ते बरोबर भोकात जातं. त्याला माझा इलाज नाही.

बायकोने वाचून विचारलं की यात बोललंय कोण. म्हणजे काय, बाबा. ते सगळ्यांना माहीतच आहे.

१६ मार्च, रविवार

सतरा डिस्का वाया. आज मात्र एक अशी निघाली की मीच पाहत राहिलो. बाबांचं नाक, कपाळ, माइक, सगळं जागच्या जागी. टेबलावर उभी करून ठेवली. शेजारचे मास्तर पाहायला आले. म्हणाले, सुंदर, लावा की. मी म्हणालो, यात अजून काही नाहीये. मग ते ‘अच्छा’ म्हणाले. ज्या स्वरात म्हणाले तो स्वर मी लक्षात ठेवला आहे.

दुकानातून आणखी गठ्ठा आणावा लागला. दुकानदार हसला नाही. न हसण्याचीही एक पद्धत असते.

१८ मार्च, मंगळवार

बारा तयार! बाराच्या बारा, पांढऱ्याशुभ्र पाठीवर बाबा. एका रांगेत मांडल्या. आणि त्यांच्या शेजारी ताईची ती मूळ डिस्क: ‘सासरे – शेवटचे’. लग्नघरात कुणी लुंगीवर यावं तशी.

सत्तरीला सगळ्यांसमोर हीच लावायची. भावोजी ती बोटांत धरून मिरवणार, आपलं अक्षर दाखवणार. मी हे होऊ देणार नाही. मूळ डिस्कवरही माझं लेबल छापणार. ताईला परत देईन ती अशी, की तिला तोंडात बोट घालावं लागेल.

बायको म्हणाली, त्या डिस्कला हात लावू नका. अगदी असंच म्हणाली, आणि लाटणं हातात होतं. बाबांनीही पाटीवर लिहिलं: ‘कॉपी झाली का?’ मी म्हटलं, होतेय. हे खोटं नाही. होण्याच्या मार्गावर आहे.

२० मार्च, गुरुवार

छापली. बायको बाजारात गेली होती. डिस्क चंदेरी आहे, पांढरी नाही, पण दुकानदाराचं ऐकून जगायचं तर मग झालंच.

शाई वाळली नाही. अर्धा तास पंख्याखाली ठेवली. बोट लावलं तर बाबांचा चेहरा खांद्यावर आला. पुसायला गेलो तर सगळं जांभळं झालं, आणि त्या जांभळ्यातून भावोजींचं अक्षर तसंच वर, ठणठणीत. हा मार्करसुद्धा त्यांच्यासारखाच निघाला, निघता निघत नाही.

मग डोकं शांत ठेवलं. विचार केला. आवाज कुठे असतो? खालच्या, चकचकीत बाजूला. पोरासोरांना माहीत आहे. त्या बाजूला ओरखडा नको. म्हणून मऊ टॉवेलची घडी केली, चकचकीत बाजू त्यावर टेकवली, आणि वरची बाजू भांडी घासायच्या तारेने, पावडर टाकून, गोल गोल घासली. जांभळं गेलं. मग भावोजींचा ‘सा’ गेला. तेव्हा जो आनंद झाला तो लिहून ठेवतो, बऱ्याच वर्षांनी झाला. ‘सरे’ गेलं. ‘शेवटचे’ जायला वेळ लागला. वरचा चंदेरी मुलामाही सोलवटून निघाला, बारीक पापुद्रे झाले, मोरीत वाहून गेले. हलका माल.

आता डिस्क काचेसारखी स्वच्छ आहे. डोळ्यासमोर धरली तर पलीकडचं स्वयंपाकघर दिसतं. आणि खालच्या बाजूला एक ओरखडा नाही. बोलवा भावोजींना.

२२ मार्च, शनिवार

आवाज भरायला बसलो. मूळ डिस्क कम्प्युटरमध्ये घातली. कम्प्युटर म्हणतो, डिस्क टाका. काढून पुन्हा घातली. म्हणतो, डिस्क टाका. पंधरा वेळा. अरे, तुझ्या तोंडात आहे ती काय आहे?

कम्प्युटर जुना झालाय. स्वच्छ डिस्कची सवय नाही त्याला. समारंभ ताईकडेच आहे, तिचा प्लेअर नवा, तिथे लागेल. बारा कॉप्या उद्या नुसत्या लेबलासकट वाटायच्या, आवाज नंतर घरोघरी जाऊन भरून देता येईल. उलट प्रत्येकाशी भेट होईल.

दुपारी बाबा दाराशी आले. पाटी: ‘उद्या किती वाजता?’ पाच, म्हणालो. गेले. थोड्या वेळाने त्यांच्या खोलीत डोकावलो तर नवा सदरा हँगरला लावून ठेवला होता. स्वतः इस्त्री केली होती. बायकोला विचारलं, तू सांगितलंस? नाही म्हणाली.

रक्तदाब मोजला. वाढलाय. पित्त असेल.

२३ मार्च, रविवार, रात्री जेवण न करता

लागली नाही.

ताईच्या प्लेअरवर नाही. वरच्या मजल्यावरून आणलेल्या प्लेअरवर नाही. बाबा समोरच्या खुर्चीत, नव्या सदऱ्यात, हात मांडीवर ठेवून बसले होते. मागे बत्तीस माणसं. कुणीतरी म्हणालं, कॉप्यांपैकी एखादी लावा. सगळ्यांनी आपापल्या पाकिटातली काढून दिली. एकेक करून बारा लावल्या. मी थांबवू शकलो असतो. पहिल्या तीन-चार डिस्कांपर्यंत मला वाटत होतं, एखादीत असेल. कसा असणार होता, मला विचारू नका.

भावोजींनी मूळ डिस्क ट्यूबलाइटसमोर धरली. मला वाटलं, आता ओरडणार. मी उत्तर तयार ठेवलं होतं, चांगलं झोंबणारं. ते हळू आवाजात म्हणाले, अरे, आवाज त्या चंदेरी मुलाम्यातच असतो. आपण लिहितो ना, त्याच्या लगेच खाली. खालचं सगळं नुसतं प्लास्टिक. मग म्हणाले, तू काय केलंस? मी म्हणालो, तुमचं अक्षर पुसलं.

ताई प्लेअरची वायर काढून गुंडाळू लागली. मास्तर आले होते, ते ‘अच्छा’सुद्धा म्हणाले नाहीत. लेबल छान आहे असं फक्त एक लांबची मावशी म्हणाली. तिला ऐकू येत नाही.

२४ मार्च, सोमवार

चूक कुणाची, याची यादी करायला घेतली. दुकानदार: बाजू नीट सांगितली नाही. प्रिंटर. मार्कर. तार. ताई: एकच डिस्क का ठेवली? बायकोने यादी वाचली. म्हणजे ही वही ती वाचते. एवढं सगळं वाचून ती फक्त म्हणाली, पाच मिनिटांचं काम होतं हो.

यादी फाडली.

बाबा खोलीतून बाहेर आले नाहीत.

२७ मार्च, गुरुवार

तोडगा निघाला. फोनवर लोक माझ्या आवाजाला बाबांचा आवाज समजायचे. पूर्वी खूपदा झालंय. तेव्हा मीच बोलायचं. घोषणा मला पाठ आहेत, लहानपणी माइकखालच्या स्टुलावर बसून शेकडो वेळा ऐकल्यात. ताईला कळणारही नाही.

सकाळी कम्प्युटरवर रेकॉर्ड केलं. आवाज खाली नेऊन, शब्दांच्या मध्ये थांबत. ‘प्रवाशांनी लक्ष द्यावे. फलाट क्रमांक चारवरून सुटणारी गाडी...’ पाच ओळी. मग लावून ऐकलं. पुन्हा ऐकलं. थांबतो तो मीच, बोलतो तोही मीच. बाबा ‘लक्ष’ कसं म्हणायचे ते आठवेना. ‘गाडी’वर आवाज चढायचा की उतरायचा? तीस वर्षं घरात ऐकलेला आवाज. काल-परवापर्यंत होता डोक्यात, अशी माझी खात्री होती.

तिसऱ्यांदा लावलं तेव्हा बाबा मागे उभे होते. चार दिवसांनी बाहेर आले होते. शेवटपर्यंत ऐकलं. मग पाटीवर लिहिलं: ‘माझा असा होता का?’

मी म्हणालो, नाही.

त्यांनी बाहीने पाटी पुसली आणि लिहिलं: ‘मग कसा?’

‘प्रवाशांनी’पर्यंत म्हणून पाहिलं, ‘लक्ष’वर अडलो. ते पाटी तशीच धरून होते.